एअर काढून कॉइल बसवण्याआधी: डिस्कव्हरी ३ आणि ४ वाल्यांसाठी

एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर उभी राहणारी लँड रोव्हरची जुनी डिस्कव्हरी घेतलेल्यांची गोष्ट बहुतेक एकाच क्रमानं घडते. सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते. पडद्यावर सस्पेन्शन फॉल्टचा इशारा येतो. गॅरेजमध्ये फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर बदलला जातो, काही महिन्यांत तोही जातो, आणि मग मालक वैतागून चारही कोपऱ्यांना कॉइल (साध्या लोखंडी स्प्रिंग) बसवून घेतो. त्यानंतर कळतं की चार माणसं आणि सामान भरलं की गाडी मागून बसते, रिकामी असली की उडते, दिवा कायमचा पेटलाय, आणि खडकाळ चढावर एक चाक पूर्वीपेक्षा लवकर हवेत जातंय.

यात दोष कॉइलचा नाही आणि एअरचाही नाही. गळती न शोधता कॉम्प्रेसर बदलला आणि वजन न करता स्प्रिंग घेतली, म्हणजे क्रमच चुकला. म्हणून या लेखात आधी तपासणी, मग निर्णय आणि शेवटी पाना.

लेख डिस्कव्हरी ३ (२००४ पासून) आणि डिस्कव्हरी ४ (२००९ ते २०१६) डोळ्यासमोर ठेवून लिहिलाय. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात या बऱ्याच फिरतात, आणि एअर काढण्याची घाईही यांच्याच बाबतीत जास्त होते. रेंज रोव्हर स्पोर्टच्या पहिल्या पिढीची रचना जवळपास हीच. प्राडो किंवा लेक्सस जीएक्ससारख्या, फक्त मागे एअर असलेल्या गाड्यांचं गणित वेगळं आणि बरंच सोपं आहे. त्याबद्दल टप्पा ४ मध्ये.

## आधी एवढं जमवून ठेवा

मोजपट्टी, टॉर्च, फवाऱ्याची बाटली, भांडी घासायचा पातळ साबण, मल्टिमीटर, मास्किंग टेप आणि पेन. शिवाय गाडीचे सगळे मॉड्यूल (इंजिन, सस्पेन्शन वगैरेंचे वेगवेगळे छोटे संगणक) वाचणारं स्कॅनर हवं. पाच-सातशे रुपयांचं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र इथे कामाचं नाही, ते इंजिनच्या पलीकडे फारसं बघत नाही. लँड रोव्हरवाल्यांत जीएपीचं आयआयडी टूल चालतं. त्यातून सस्पेन्शनच्या बिघाडाचे कोड वाचता येतात, उंची कॅलिब्रेट करता येते आणि हवा सोडताही येते. स्वतः घ्यायचं नसेल तर ज्याच्याकडे ते आहे असं गॅरेज आधी शोधा.

सपाट जागा लागेल. सोसायटीच्या पार्किंगला पाण्यासाठी उतार काढलेला असतो, तो डोळ्याला दिसत नाही पण मोजमापात दिसतो.

सावधान: फक्त हवेवर किंवा फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका. व्हॉल्व्ह सुटला की गाडी एका झटक्यात खाली येते. चासीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही, टॉर्चनं नुसतं बघायचं असेल तरीही.

## टप्पा १: बॅटरी आणि ब्रेक लाइटचा स्विच

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचा व्होल्टेज मोजा. १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर पुढचं काही करू नका. बॅटरी चार्ज करा किंवा बदला. या गाड्या कमी व्होल्टेजला सस्पेन्शन, हँडब्रेक, गिअरबॉक्स असे एकमेकांशी संबंध नसलेले कोड एकदम फेकतात.

दुसरी गोष्ट ब्रेक पेडलवरचा दिव्याचा स्विच. तो खराब झाला की टेरेन रिस्पॉन्सचे (रस्त्याप्रमाणे गाडीची चाल निवडायच्या बटणाचे) पर्याय आणि हिल डिसेंट (उतारावर वेग आपोआप रोखणारी सोय) बंद पडतात आणि कधीकधी ‘फक्त नॉर्मल उंची’ असा संदेश येतो. मालकाला वाटतं एअर गेलं. पार्ट किरकोळ किमतीचा आहे, आणि त्याच्यापायी लोकांनी कॉम्प्रेसर उतरवलेत.

कोड लिहून ठेवा, मग पुसा, गाडी वीसेक किलोमीटर चालवा आणि परत वाचा. जे परत आले तेच खरे.

## टप्पा २: रात्रभराची मोजणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

गाडी नॉर्मल उंचीवर आणा. स्टिअरिंग सरळ, हँडब्रेक लावलेला, दारं बंद. चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांवर मोजा आणि प्रत्येक आकडा टेपवर लिहून तिथेच चिकटवा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची हवा आणि फरशीचा उंचसखलपणा दोन्ही मिसळतात.

आता सस्पेन्शन मॉड्यूलचा फ्यूज काढा. ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात आणि म्हणून पुढचं सगळं चुकतं. गाडी बंद असली तरी मॉड्यूल मधूनमधून जागं होतं, चारही उंच्या बघतं आणि सगळ्यात खाली गेलेल्या कोपऱ्याशी जुळवायला उरलेल्या कोपऱ्यांची हवा सोडतं. त्यामुळे गळती समोर डावीकडे असली तरी सकाळी चारही कोपरे खाली मिळतात, आणि मेकॅनिक ‘चारही फुगे गेले’ म्हणून कोटेशन देतो. फ्यूज काढला की प्रत्येक कोपरा आपापल्या जागी एकटा पडतो. कोणता फ्यूज ते हँडबुकात बघा. मॉडेलच्या वर्षाप्रमाणे फरक आहे.

बारा तासांनी परत मोजा. चोवीस तास ठेवता आली तर आणखी बरं. रात्री तापमान उतरलं की हवा आकसते, त्यामुळे चारही कोपरे दोन-चार मिलिमीटर सारखेच खाली आले तर ती गळती नव्हे.

आकडे असे वाचा:

एकच कोपरा खाली गेला असेल तर तिथला फुगा, त्याची नळी किंवा नळीचा जोड. एकाच ॲक्सलची दोन्ही चाकं सारखीच खाली गेली असतील तर त्या ॲक्सलचा व्हॉल्व्ह ब्लॉक (फुग्यांकडे हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा ठोकळा), विशेषतः दोन्ही बाजू जोडणारा क्रॉसलिंक व्हॉल्व्ह. चारही कोपरे जागच्या जागी आहेत, पण सकाळी गाडी उचलायला नेहमीपेक्षा फार वेळ लागतो? मग हवेची टाकी किंवा तिच्याकडची नळी बघा. टाकी गळली तरी कोपरे बसत नाहीत, कारण मधले व्हॉल्व्ह बंद असतात. फक्त साठवलेली हवा जाते आणि सगळं काम एकट्या कॉम्प्रेसरवर पडतं.

तपासा: दोन रात्री लागोपाठ तोच कोपरा खाली गेला का? एका रात्रीच्या आकड्यावर पार्ट मागवू नका.

## टप्पा ३: साबणाचं पाणी आणि कॉम्प्रेसर

फ्यूज परत लावा, गाडी ऑफरोड उंचीवर न्या, चासीखाली घोड्या लावा. एक दार उघडं ठेवा, म्हणजे गाडी मधेच उंची बदलायला जाणार नाही. संशयित कोपऱ्यावर साबणाचं पाणी मारा आणि निदान दोन मिनिटं बघत बसा. मोठी गळती लगेच फसफसते. बारीक गळतीचा फेस मात्र हळूहळू दाट पांढऱ्या साईसारखा जमतो, घाई केली तर तो निसटतो.

पहिली जागा फुग्याची खालची घडी. रबर तिथे दुमडतं आणि चिखल तिथेच अडकतो. कोकणातली तांबडी माती त्या घडीत वाळली की प्रत्येक हेलकाव्याला रबर घासलं जातं. घडीत बारीक भेगांची जाळी दिसत असेल तर फेस नसला तरी तो फुगा आता फार दिवसांचा नाही. दुसरी जागा फुग्याच्या डोक्यावरचा नळीचा जोड. तिसरी व्हॉल्व्ह ब्लॉकवरचे जोड. नळी ६ मिलिमीटरची आहे. जोड गळत असेल तर नळीचं टोक ब्लेडनं काटकोनात छाटा आणि नवा जोड बसवा. जुना जोड परत वापरायचा नाही, त्याची पकड एकदाच नीट बसते. आणि नळी ओढण्याआधी त्या भागातली हवा स्कॅनरनं सोडायची. आतला दाब टायरच्या कितीतरी पट असतो.

मग कॉम्प्रेसर. तो डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढे, झाकणात बसवलेला असतो. कान द्या: एकसारखी घरघर ठीक, खडखड किंवा अडखळणं ठीक नाही. चालतो, मग तापून बंद पडतो, थंड झाला की परत चालतो, असं होत असेल तर तो स्वतःला वाचवतोय. कारण बहुतेक वेळा गळती असते. बारीक गळतीमुळे तो जास्त वेळ चालतो, जास्त तापतो, त्याच्या ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे भरून जातात किंवा त्यांचा भुगा होतो, आणि तो पांढरा भुगा व्हॉल्व्हमध्ये जाऊन व्हॉल्व्ह अडकवतो. एक जोड गळतो आणि वर्षभरात तीन पार्ट जातात. हवा सोडताना बाहेर पांढरी पूड दिसली तर ड्रायर बदलण्याबरोबर व्हॉल्व्ह ब्लॉकही बघायला हवेत.

सावधान: कॉम्प्रेसर बदलताना त्याचा रिले (त्याला वीज देणारा छोटा स्विच) त्याच दिवशी बदला. जुना रिले आतून चिकटला तर नवा कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि जळतो. हिशेबात रिलेची किंमत नगण्य आहे.

## टप्पा ४: आता ठरवा

गळती एका जोडावर किंवा एका फुग्यावर सापडली असेल तर ती दुरुस्त करा, एअर ठेवणाऱ्यांसाठीचा शेवटचा भाग तेवढा वाचा आणि लेख बंद करा. खरंच. मधलं सगळं त्यांच्यासाठी आहे, ज्यांचे चारही फुगे भेगाळलेत, कॉम्प्रेसर संपलाय आणि व्हॉल्व्ह ब्लॉकही शंकास्पद आहेत.

या गाडीत एअर काढल्यावर नेमकं काय जातं ते समजून घ्या. उंची कमी-जास्त करणं हे दिसणारं नुकसान. ऑफरोडला सुमारे ५५ मिलिमीटरची उचल मिळते आणि वेग साधारण ताशी ५० किलोमीटरला गेला की गाडी आपोआप खाली येते, ते जाईल. पोट खडकावर टेकलं की चाकांवरचा भार कमी झालेला ओळखून गाडी स्वतःला आणखी उचलते, तेही जाईल.

न दिसणारं नुकसान त्याहून मोठं आहे. डिस्कव्हरी ३-४ चं सस्पेन्शन चारही बाजूंनी स्वतंत्र आहे. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये एक चाक वर गेलं तरी दुसरं खाली दाबलं जात नाही, ते काम सलग ॲक्सल करतो. ऑफरोड उंचीवर क्रॉसलिंक व्हॉल्व्ह उघडतात आणि वर दाबल्या गेलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला जाऊन ते चाक खाली ढकलते, म्हणजे सलग ॲक्सलची नक्कल होते. कॉइलमध्ये ही नक्कल नाही. तिरप्या खड्ड्यांत चाक लवकर उचललं जाणार. मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) असलेली गाडी असेल तर बरंचसं भागतं; नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोलच्या भरवशावर राहावं लागेल.

भाराचं गणितही बघा. समजा चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा ताठपणा ४० न्यूटन प्रति मिलिमीटर आहे. मागच्या ॲक्सलवर २०० किलो जादा आले की प्रत्येक चाकावर १०० किलो, म्हणजे साधारण ९८० न्यूटन. गाडी मागून जवळपास २५ मिलिमीटर बसली. एअरमध्ये तेवढाच भार आला की दाब वाढतो, उंची तीच राहते, आणि ताठपणाही भाराबरोबर वाढत असल्यानं हेलकाव्याची चाल फारशी बदलत नाही.

म्हणून माझं मत असं. भार रोज बदलत असेल, म्हणजे आठवडाभर एकटे आणि सुट्टीला सात जण गावाला, तर एअर ठेवा. पैसे फुग्यांत आणि कॉम्प्रेसरमध्ये घाला. छतावर तंबू, पुढे विंच, मागे कायमचं सामान, आणि स्कॅनरवाला मेकॅनिक शेकडो किलोमीटर लांब अशा प्रवासाला निघणार असाल तर कॉइल. गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तरीही कॉइल. प्राडो किंवा लेक्सस जीएक्सच्या मागच्या एअरबाबत एवढा विचार नको: मागे सलग ॲक्सल आहे, पुढे मुळातच कॉइल आहे, एअर काढल्यानं फार काही हातचं जात नाही. तिथे फक्त स्प्रिंग भाराप्रमाणे निवडा.

आपल्या देशात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत. काम सुरू करण्याआधी आरटीओतून खात्री करून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. गाडी उंच करून मोठे टायर घालायचे असतील तर हे आणखीच गरजेचं.

## टप्पा ५: काट्यावर चढवा, मग स्प्रिंग मागवा

इंधनाची टाकी फुल, नेहमीचे लोक, नेहमीचं सामान. गाडी ट्रकच्या वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागचा भार मिळाला. मोठ्या काट्यावर दहा-वीस किलो इकडेतिकडे होतात, ते चालतं.

विक्रेत्याला हे दोन आकडे द्या, ‘हेवी ड्यूटी पाहिजे’ असं सांगू नका. हेवी ड्यूटी स्प्रिंग रिकाम्या गाडीत बसवली की ती खड्ड्यावर दबतच नाही. चाक जमिनीला धरून राहण्याऐवजी उडतं आणि घाटात ओल्या वळणावर त्याची किंमत कळते. डिस्कव्हरी ३ काही देशांत मुळातच कॉइलवर विकली गेली आहे, त्यामुळे त्या गाडीचे मूळ शॉक ॲब्सॉर्बर, स्प्रिंग आणि वरचे माउंट हा एक सरळ पर्याय आहे.

उचल ४०–५० मिलिमीटरच्या वर मागू नका. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये गाडी जितकी कायमची उंच, तितकं चाकाला खाली जायला अंतर कमी उरतं, आणि चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचे जॉइंट कायम तिरप्या कोनात फिरतात. एअरमध्ये ही उंची चार तास असते. इथे ती पुण्याहून मुंबईपर्यंतच्या एक्स्प्रेसवेलाही असणार.

ऑर्डरमध्ये हे राहू देऊ नका: वरचे माउंट, स्प्रिंगखालची रबरं, बम्प स्टॉप, लोअर आर्मचे नवे बोल्ट आणि नट. डाव्या-उजव्या स्प्रिंग वेगळ्या असू शकतात. खोक्यावरचं लेबल बघून स्प्रिंगवरच मार्करनं बाजू लिहा.

## टप्पा ६: बदलण्याचा क्रम

१. स्कॅनरनं चारही कोपऱ्यांची आणि टाकीची हवा सोडा. मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा.

२. मागचा ॲक्सल आधी, तो पूर्ण झाल्यावर पुढचा. एका ॲक्सलला एका बाजूला कॉइल आणि दुसऱ्या बाजूला एअर अशी गाडी हलवायचीही नाही.

३. नळी काढली की तिचं तोंड बंद करा. ‘आता काय लागणार’ म्हणून उघडी सोडू नका. पुढे एअर परत घालायची वेळ आली तर आत पाणी आणि माती नको.

४. उंचीचा सेन्सर आणि त्याची दांडी काढू नका. ज्या गाड्यांत झेनॉन हेडलाइटची उंची याच सेन्सरवरून ठरते, तिथे सेन्सर गेला की दिवे एक तर आभाळात नाहीतर बोनेटपुढे दहा फुटांवर.

५. स्प्रिंग आणि शॉक एकत्र जोडायचं काम टेबलावरच्या किंवा भिंतीला पक्क्या बसवलेल्या प्रेसवर करून घ्या.

सावधान: दोन हुकांचा, स्प्रिंग दाबून धरायचा स्वस्त कॉम्प्रेसर या वजनाच्या गाडीच्या स्प्रिंगला वापरू नका. हुक सटकला तर ती स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. हे घरी करायचं काम नाही.

६. स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेला टेकलंय का ते बोट लावून बघा. अर्धा सेंटीमीटर फिरलेली असेल तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात ‘टण्ण’ करून बसते आणि तुम्ही महिनाभर आवाज शोधत बसता.

७. युनिट जागेवर लावा, सगळे बोल्ट हातानं घट्ट करा. लोअर आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट मात्र आत्ताच पूर्ण आवळू नका.

हा सातवा मुद्दा जरा थांबून वाचा. या बुशमध्ये रबर दोन धातूच्या नळ्यांना चिकटलेलं असतं. ते घसरत नाही, पिळलं जातं. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर ती लोंबकळती स्थिती रबराची ‘मूळ’ स्थिती होते. गाडी जमिनीवर आली की बुश कायम पिळलेला राहतो, गाडी ठरलेल्या उंचीपेक्षा वर उभी राहते, ‘स्प्रिंग जास्तच उंच आलीय’ असं वाटतं, आणि काही महिन्यांत रबर फाटतं. बरोबर पद्धत: गाडी चाकांवर खाली घ्या, पुढे-मागे दोन-तीनदा ढकला, आणि पूर्ण भार चाकांवर असताना टॉर्क पान्यानं मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. त्यासाठी खड्डा किंवा चारखांबी लिफ्ट लागते. दोनखांबी लिफ्टवर चाकं लोंबकळतात, हे मेकॅनिकला आधीच विचारून घ्या.

## टप्पा ७: गाडीला सांगा की एअर गेलं

फ्यूज काढून ठेवणं म्हणजे काम झालं असं नाही. दिवा पेटलेला राहतो, वेग कमी ठेवायचा संदेश येत राहतो आणि टेरेन रिस्पॉन्सचे पर्याय हातात येत नाहीत. गाडीच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये सस्पेन्शनचा प्रकार एअरवरून कॉइल करावा लागतो. बदल करण्याआधी मूळ फाइल सेव्ह करून दोन ठिकाणी ठेवा. लिहिताना बॅटरीला चार्जर लावलेला असू द्या. मधेच व्होल्टेज पडला तर नवीच भानगड.

तपासा: कोड पुसून पन्नास किलोमीटर चालवल्यावर दिवा विझलेला आहे का, हिल डिसेंट आणि टेरेन रिस्पॉन्स निवडता येतात का.

## टप्पा ८: अलाइनमेंट आणि ताणून बघणं

स्प्रिंग बसवल्याच्या दिवशी अलाइनमेंट करा, नाहीतर नवे टायर आठवड्यात एका कडेनं खाल्ले जातील. साधारण ५०० किलोमीटरनंतर स्प्रिंग थोड्या बसतात, तेव्हा परत करा. पहिलं अलाइनमेंट वाया गेलं म्हणून कुरकुरू नका, दोन्ही लागतात. पहिल्या १०० आणि परत ५०० किलोमीटरला सगळे बोल्ट टॉर्क पान्यानं तपासा. हेडलाइट भिंतीवर जुळवा.

खऱ्या वाटेवर जाण्याआधी ओळखीच्या जागी एक चाक दगडावर चढवा, त्याच्या तिरप्या कोपऱ्यातलं चाक खड्ड्यात ठेवा आणि उतरून खाली बघा. ब्रेकची रबरी नळी ताणली गेलीय का? एबीएसची तार कुठे घासतेय का? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या लाइनरला लागतो का? दोन्ही बाजूंनी, दोन्ही तिरप्या जोड्यांत बघा.

## एअर ठेवलं असेल तर बरोबर काय ठेवावं

चार छोटे झडपदार जोड मिळतात, ज्यांनी प्रत्येक फुग्यात टायरसारखी बाहेरून हवा भरता येते. जंगलात कॉम्प्रेसर मेला तर टायर भरायच्या पंपानं गाडी उभी करता येते. ट्रकचे टायर काढणाऱ्या पंक्चरवाल्याकडे तर काम आणखी लवकर होतं. भरताना दाबाचा आकडा बघू नका, मडगार्डची कडा बघा: टेपवर लिहिलेली नॉर्मल उंची आली की थांबा. आधी मॉड्यूलचा फ्यूज काढलेला असू द्या, नाहीतर तुम्ही भराल आणि ते सोडेल.

प्रत्येक चिखलवारीनंतर गाडी ऑफरोड उंचीवर ठेवून चारही फुग्यांच्या घड्या साध्या नळाच्या पाण्यानं धुवा. प्रेशर वॉशरची तोटी रबराच्या जवळ नेऊ नका. कॉम्प्रेसरच्या झाकणाखाली साचलेला चिखलही त्याच वेळी काढा.